गाठोड्यातले रंग

(एकट्या स्त्रियांच्या मेळाव्यात मारेगाव इथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून सातबारा, वारसनोंद आणि निराधारच्या पैशांवर बोलणं झालं. जेवणाआधीचा हा वेळ माझ्याकडे दिला आहे आणि फळ्यावर विषय लिहिला आहे ‘गोधडीसाठी रंग कसे निवडावेत’. तो वाचल्याबरोबर एक कार्यकर्ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “पुन्हा शिवणकाम? यातून बाहेर पडायलाच तर आपण जमलोय ना?” तिचं म्हणणं मला पटतं. शिलाई मशीन वाटली, पापड लाटायला बसवलं की बाईचा विकास झाला, असं समजणाऱ्या योजनांवर आपण वर्षानुवर्षं टीका केली आहे. मी एम.एस.डब्ल्यू. करताना त्यावर लांबलचक निबंधही लिहिला होता. तेव्हा आज मी शिवायला शिकवणार नाही. ते तुमच्यातल्या निम्म्याजणी मला शिकवतील. गाठोडं सोडल्यापासून कात्री लागेपर्यंत काय काय होतं, तेवढंच सांगणार आहे.

बाहेरगावच्या मैत्रिणींसाठी एक खुलासा. मी लहानपणापासून ‘गोधडी’ म्हणत आले. इथे मारेगाव-वणीकडे तिला वाकळ म्हणतात आणि बोलताना ‘वाकय’. मी नवीन असताना एक आजी म्हणाली, “दुपारच्याले मी वाकय शिवत बसतो.” मला ‘वाक्य’ ऐकू आलं. ही बाई वाक्यं शिवते म्हणजे काय करते, याचा मी दोन दिवस विचार करत होते.

२०२२च्या जुलैत वर्धा नदीला पूर आला. आपल्या तालुक्यातल्या नदीकाठच्या ज्या गावात मी काम करते, तिथे बऱ्याच घरांत पाणी शिरलं. कपाशी आणि सोयाबीन झोपलं ते वेगळंच. मदत आली, ती यायलाच हवी होती. त्यात ब्लँकेटं होती, सगळी एकसारखी, राखाडी रंगाची. चार दिवसांनी ऊन पडलं तशी बायकांनी घरातली गाठोडी सोडली आणि ओलं कापड वाळत घातलं. कुंपणावर, बंडीच्या दांड्यांवर, शाळेच्या कठड्यावर, जिथे जागा मिळेल तिथे. मी नुकसानीच्या याद्या तपासायला गेले होते. यादीत धान्याचा रकाना होता, जनावरांचा होता, पडक्या भिंतीचा होता. कपड्यांचे नुसते नग लिहायचे होते. हातात ती यादी घेऊन मी उभी राहिले आणि त्या गावात इतके रंग आहेत हे मला पहिल्यांदा दिसलं. एरवी ते सगळे पेटीत, माळ्यावर, उशीच्या खोळीत कोंबलेले असतात. आपल्या अंगावर रोज असतात ते दोन-तीन रंग, तेही उडालेले.

वाळलेल्या कापडाचं करायचं काय, यावरून वाकळींचा विषय निघाला. थंडीला अजून अवकाश होता, हाताला काम नव्हतं. बाराजणींचा गट जमला. त्यातल्या नऊजणी एकट्या. काही विधवा, काही टाकलेल्या, एक लग्नच न केलेली. मी शहरातल्या एका दुकानाकडून सहा वाकळींची मागणीही मिळवली आणि मला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं.

मग मी एक चूक केली. चूक सांगायला हरकत नाही, कारण आपल्या क्षेत्रात ती सगळेच करतात. मी कार्डशीटवर रंगचक्र काढून नेलं. लालसमोर हिरवा, निळ्यासमोर नारिंगी, पिवळ्यासमोर जांभळा. समोरासमोरचे रंग एकमेकांना उठाव देतात, शेजारचे एकमेकांत मिसळतात. हे खोटं नाही, शास्त्र आहे. मी पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. सगळ्या शांतपणे ऐकत होत्या. ज्यांना मी वाक्य शिवणाऱ्या समजले होते त्या आजी शेवटी म्हणाल्या, “काऊन व बाई, हे चकरी चांगली हाय. पन यातला हा जांभया कोनाच्या घरी हाय?” कोणाच्याच घरी नव्हता. सगळ्या हसल्या, मीही हसले. तो तक्ता पैसे घेऊन दुकानात जाणाऱ्यासाठी केलेला असतो. जिला घरात आहे त्यातूनच करायचं आहे, तिला आधी काय नाही ते कळतं, आणि मग जे आहे ते नीट बघावं लागतं.

आजींनी ते कसं बघायला लावलं ते सांगते. त्यांनी रंगाचं नावच काढलं नाही. “आंदी कपडा पाय,” म्हणाल्या. कापड दोन्ही हातांत धरून ताणायचं. चर्र आवाज आला की ते जिरलं. त्याचा वरचा थर करायचा नाही. मग एक पांढरी चिंधी भिजवून त्यावर घासायची. चिंधीला रंग लागला तर तो कच्चा, पहिल्या धुण्याला शेजारच्यांना खराब करील. लाल आणि काळ्यात हा दगा जास्त. कच्च्या रंगाचं कापड मिठाच्या पाण्यात घालून बघतात. पण आजींचा मिठावर विश्वास नव्हता, त्या सरळ ते वेगळं काढत आणि पायपुसण्याला देत. मग जाडी. जाड कापडाशेजारी विरलेलं कापड जोडलं तर वर्षभरात विरलेलं फाटतं आणि जाड तसंच राहतं. रंग कितीही जुळला तरी ही जोडी लावायची नाही.

एवढं झाल्यावर ढीग घातले, आणि तेही रंगाप्रमाणे नाहीत. गडद एकीकडे, फिकं एकीकडे, मधलं मध्ये. दिवेलागणीला, उजेड कमी झाल्यावर, डोळे किलकिले करून बघायचं. त्या वेळी लाल की हिरवा हे कळत नाही, गडद की फिकं एवढंच कळतं. वाकळीची नक्षी खरी त्यावर उभी राहते. गडद कडेला, कारण कड जमिनीला लागते आणि मळते. तोंडाकडची बाजू फिकी आणि मऊ. फुलाफुलांच्या कापडाशेजारी साधं कापड, म्हणजे डोळ्याला बसायला जागा मिळते. साडीचा काठ चांगला असेल तर तो वाया घालवायचा नाही, तोच वाकळीचा काठ. आणि एक नियम मी वहीत लिहून ठेवला आहे, आजींच्याच शब्दांत: “एकटा रंग बसवू नोको. त्याले दूर कुठं तरी सोबत दे.” म्हणजे पिवळा एका कोपऱ्यात आला तर त्याचा एखादा तुकडा दुसऱ्या कोपऱ्यातही आला पाहिजे, नाही तर नजर तिथेच अडकते. आमच्या गटात हे वाक्य ऐकून कोणी काही बोललं नाही, पण दोघी-तिघींनी एकमेकींकडे बघितलं.

आता कापडाबद्दल एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपला जिल्हा कापसाचा. इथल्या बायकांच्या बोटांना वेचणीच्या दिवसांत बोंडाच्या टोकांनी चरे पडलेले असतात. आणि बाराजणींच्या गाठोड्यांत आम्हाला सुती कापड शोधावं लागलं. सुती होतं ते आज्यांच्या लुगड्यांचं, धोतराचं आणि थोडंफार चादरींचं. बाकी सगळं पॉलिस्टर. ते फाटत नाही, रंग सोडत नाही, दिसायला झगझगीत. पण सुई त्यावरून सरकते, घाम ते पीत नाही, आणि चुलीची ठिणगी पडली तर सुती कापडासारखं जळून राख न होता वितळून अंगाला चिकटतं. म्हणून सुती वर आणि खाली, पॉलिस्टर मधल्या थरात, असं ठरलं. म्हणजे सगळ्यात भडक रंग आत गेले. हे लक्षात ठेवा, मी परत त्यावर येणार आहे.

एका दुपारी मी सहज विचारलं, “यातली तुम्ही स्वतः पसंत करून घेतलेली साडी कोणती?” सहज म्हणजे, खरं तर सहज नव्हतं. सर्वेक्षणाची सवय जात नाही. एका बाईपुढे तेवीस साड्या होत्या. तिनं एकेक उचलून सांगायला सुरुवात केली. ही लग्नातली, सासऱ्यानं आणलेली. ही भावानं दिवाळीला. या सात आहेरातल्या. आहेराच्या साडीचं तुम्हाला माहीत आहे, ती नेसायला नसते, घडी न मोडता पुढच्या लग्नात द्यायला असते. ही एका निवडणुकीच्या आधी वाटलेली. कोणी वाटली ते राहू द्या. ही नणंदेनं नको म्हणून दिलेली. शेवटी दोन उरल्या. वेचाईच्या पैशांतून बाजाराच्या दिवशी तिनं स्वतः घेतलेल्या. एक मोरपंखी, एक कथ्थी. तेविसांत दोन. आणि त्या दोन तिनं वाकळीला दिल्या नाहीत. “ह्या अजून नेसाच्या हायेत,” म्हणाली.

तेव्हा मला कळलं की आपण ज्याला तिची साठवण म्हणतो, ती बहुतेक दुसऱ्यांनी तिच्यासाठी केलेली निवड असते. रंग घरातल्या कर्त्याचा, नाही तर दुकानदाराचा, नाही तर ज्याला स्वस्तात गठ्ठा मिळाला त्याचा. पुढे २०२३च्या नोव्हेंबरात सरकारनं अंत्योदय कार्डावर वर्षाला एक साडी द्यायचा निर्णय घेतला आणि २०२४च्या होळीच्या सुमारास रेशन दुकानांतून त्या आल्या. फुकट मिळालेल्याला नावं ठेवू नयेत, आणि यंत्रमागावर काम करणाऱ्यांनाही त्यातून काम मिळतं. पण दुकानदार जी हातात देईल ती घ्यायची. एक बाई मला म्हणाली, “तांदूयही मले इचारून देत नाई, मंग साडी कायले इचारून देईन?”

म्हणून गाठोड्यापुढे बसून, हा तुकडा इथे, तो नको, हा त्याच्या शेजारी, असं ज्या वेळी ती म्हणते, तेव्हा तिच्या आयुष्यातले रंग पहिल्यांदा तिच्या हुकमात येतात. हे मी फार मोठं करून सांगत नाही. त्यानं सातबाऱ्यावर नाव लागत नाही. पण ज्या गटात एरवी “तुमी सांगान तसं” याशिवाय उत्तर मिळत नसे, तिथे चौकडीच्या एका तुकड्यावरून तासभर भांडण झालं. माझ्यासाठी ते भांडण बैठकीपेक्षा मोलाचं होतं.

भांडणं पुष्कळ झाली. सगळ्यात मोठं पांढऱ्यावरून. गटात कुणबी बायका होत्या, गोंड होत्या, बौद्ध होत्या, एक मुस्लिम चाची होत्या. एकीनं पांढरी साडी पुढे केली तशी दुसरी म्हणाली, “पांढरं नोको, ते रांडवेचं.” त्यावर बौद्ध घरातली बाई ताडकन बोलली, “मी लग्नात पांढरंच नेसली होती.” खरंच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर लोकांनी धम्मदीक्षा घेतली ती पांढरी वस्त्रं नेसून, आणि तेव्हापासून त्यांच्या घरांत पांढरा रंग मंगलाचा आहे. एकाच गावात, एकाच विहिरीवर, एकीचा नवरीचा रंग तो दुसरीचा विधवेचा. निळ्या पताकेचं कापड मात्र तिनं वाकळीला द्यायचं नाकारलं. अंगाखाली अंथरायचं कापड नाही ते, म्हणाली. चाचींनी दर्ग्यावरच्या हिरव्या चादरीचा तुकडा तसाच घडी करून परत ठेवला. कोणी कोणाला का म्हणून विचारलं नाही. मी त्यांना आणखी एक सांगितलं. आपल्याच महाराष्ट्रात ब्राह्मण घरांत केशवपन केलेल्या विधवेला जे आलवण नेसावं लागे ते लाल असे. लाल! नवरीचा म्हणून आपण मिरवतो तोच. सगळ्या चकित झाल्या. आजी म्हणाल्या, “मंजे रंगाचं काई नाई. ज्याच्या हाती हाय तो ठरवते.” मी एम.एस.डब्ल्यू.ला दोन वर्षं घालवून जे शिकले ते एवढंच होतं बहुतेक.

दुकानाचं पत्र याच सुमारास आलं. फिके रंग हवेत, मातकट छटा चालतील, चकाकणारं कापड नको, काळा नको. पत्र वाचून दाखवलं तर शांतता. मग एकीनं विचारलं, “मातकटच पायजे तर धुतल्याबिगर पाठवू का?” ठिगळांचीही गंमत असते बघा. आपल्या वऱ्हाडातले गाडगेबाबा चिंध्या जोडलेलं वस्त्र अंगावर घेऊन फिरायचे, लोक त्यांना गोधडे महाराज म्हणायचे, आणि ते योग्यच, एवढा मोठा माणूस. पण बाई तेच रोज शिवते, त्याला कोणी नाव देत नाही. दिलंच तर दुकान देतं, आणि रंगही तेच सांगतं. आम्ही आमच्या रंगांच्या सहा वाकळी पाठवल्या. तीन ठेवून घेतल्या, तीन ‘भडक’ म्हणून परत आल्या. परतीचं भाडं आमच्या डोक्यावर. बाजारासाठी शिवायचं असेल तर त्याचे रंग आधी ठरवून घ्या, आणि तसं कापड घरात नसेल तर त्याचे पैसे आगाऊ मागून घ्या, हा त्यातला धडा. पण त्या परत आलेल्या तीन आज गावात वापरात आहेत आणि मला त्याच जास्त आवडतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला ती. जिची आहे तिला विचारून सांगते आहे. गाव सांगत नाही, नावही नाही.

तिच्या नवऱ्यानं २०१९ साली औषध पिऊन जीव दिला. मारेगाव तालुक्याचं नाव पेपरात येतं ते बहुतेक याच कारणानं, तुम्हाला काय सांगायचं. प्रकरण पात्र की अपात्र, एक लाखापैकी रोख तीस हजार आणि ठेवीतले सत्तर हजार, यातून ती गेलेली. ती गटात येऊन बसायची, कापड निवडायची नाही. दुसऱ्यांच्या चिंध्या सरळ करून द्यायची. पंधराएक दिवसांनी तिनं पिशवीतून तीन शर्ट काढले. एक पांढरा, एक चौकडीचा, एक फिका निळा. बायका गप्प झाल्या. गेलेल्या माणसाचे कपडे कुणाला तरी देऊन टाकतात किंवा नदीत सोडतात. ते अंगावर घ्यायच्या वाकळीत घालायचे का? दोघी उठून जायच्या बेतात होत्या.

मला तेव्हा अमेरिकेतल्या एका बाईची गोष्ट आठवली, ती मी सांगितली. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर गीज बेंड नावाची काळ्या लोकांची वस्ती आहे. कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून आणलेल्यांचे हे वंशज. गुलामी गेली तरी कापूस आणि कर्ज राहिलं. १९३२ साली उधार देणारा व्यापारी मेला, तेव्हा त्याच्या वारसांकडून वसुली झाली आणि लोकांच्या घरातली अवजारं, जनावरं, धान्य सगळं नेलं. तिथल्या बायका कामाच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. मिसूरी पेटवे नावाच्या बाईचा नवरा वारला तेव्हा, १९४२ साली, तिनं त्याच्या शेतातल्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली, त्याची आठवण म्हणून आणि त्याच्या मायेच्या पांघरुणात झोपता यावं म्हणून. गुडघ्याजवळ विटलेली पँट, घामानं रंग उडालेले शर्ट. ते डाग, ते विटणं, तेच त्या गोधडीचे रंग. आज ती वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. आजींनी सगळं ऐकून एकच विचारलं, “तिलेबी कापूस येचा लागे का?” मी हो म्हटलं. “मंग ठीक हाय,” म्हणाल्या आणि शर्ट हातात घेतले.

पांढरा बघितला, ताणला, बाजूला ठेवला. चौकडीचा ठेवला. निळा नाकाशी नेला आणि थांबल्या. “हा फवारनीचा होय.” ती म्हणाली, हो, पण दहा वेळा धुतला आहे. आजी म्हणाल्या, “लेकराच्या अंगाखाली हे नाई टाकाचं.” आणि त्या बरोबर होत्या. २०१७च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसेक माणसं दगावली, ते कोण विसरेल? फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊसुद्धा नयेत. कापडात मुरलेलं औषध धुण्यानं पुरतं जाईलच याचा भरवसा नसतो. पण तिचं त्या निळ्यावरच मन होतं. तोच तो सगळ्यात जास्त घालायचा. ती रडली नाही, रागावली. “त्याचं काईच ठेवू नोका मंग,” म्हणाली आणि तिन्ही शर्ट पिशवीत घालून निघून गेली.

दोन दिवसांनी आली. सोबत मुलाचा तोकडा झालेला शाळेचा शर्ट होता. तोही निळा. पांढऱ्याचे आणि चौकडीचे तुकडे झाले, मधे मधे हा निळा. आता बापाच्या रंगाजवळ मुलाचा रंग वगैरे मी म्हणणार नाही. ती एवढंच म्हणाली, हा नवा आहे, टिकेल.

मग हिरवा. तिच्याकडे डोहाळजेवणातली हिरवी साडी होती, सुती, काठ चांगला. त्या वाकळीला नेमका तोच रंग हवा होता. सगळं निळं-पांढरं झालं होतं, थंड दिसत होतं. मी म्हटलं, घाल ना. ती म्हणाली, “लोकं काय म्हनतीन? नवरा जाऊन हिरवं पांघरून झोपते म्हनतीन.” त्या वर्षी मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद करण्याचा ठराव केला होता, आणि १७ मे २०२२ला सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं होतं. मी ते परिपत्रक पिशवीतून काढून वाचून दाखवलं. मला वाटलं, आता हिरवा वर येणार. मी मनातल्या मनात तुम्हाला सांगायची गोष्टसुद्धा तयार करून ठेवली होती.

ती म्हणाली, “ताई, परिपत्रक माह्या घरी रातच्याले झोपाले येते का?”

तिनं साडी घातली, पण मधल्या थरात. वर निळं-पांढरं, खाली आजींचं जुनं लुगडं, मधे हिरवं, चारी बाजूंनी टाक्यांत बंद. कोणालाच दिसणार नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मी ते कोणत्याही अहवालात लिहिलं नाही. तिच्या सासूनं मात्र शिवताना पाहिलं होतं. सासूही विधवाच. ती काही बोलली नाही, सुईत दोरा ओवून देत राहिली.

वाकळ वापरली की वरचा थर आधी विरतो, विशेषतः घडीवर आणि पायाकडे. मग त्यावर नवं ठिगळ लागतं, नाही तर सबंध नवा थर. तशी वेळ त्या वाकळीची गेल्या हिवाळ्यात आली. मी घरी गेले तेव्हा ती उन्हात टाकली होती आणि घडीच्या रेघेवर, टाक्यांच्या मधून, बोटभर हिरवं दिसत होतं. शेजारीण ठिगळ घेऊन आली होती, चांगलं जाड, तपकिरी. सासू बाजेवर बसली होती. तिनं वाकळ जवळ ओढली, ती रेघ बोटानं चाचपली आणि शेजारणीला म्हणाली, “तिकडं पायाकडं लाव ते. हे राहू दे.”

वारसनोंदीचं तिचं काम अजून अडकलेलं आहे. त्याबद्दल दुपारी वकीलताई बोलतील.

तर जेवणानंतर मागच्या खोलीत सतरंजी टाकू. ज्यांनी गाठोडी आणली आहेत त्यांनी ती सोडा, आणली नसतील त्यांनी दुसरीच्या शेजारी बसा. भिजवायला पाणी आणि पांढऱ्या चिंध्या ठेवल्या आहेत. कात्र्या दोनच आहेत, आणि तसंही आज कोणी कापायचं नाही. दिवेलागणीपर्यंत नुसते ढीग घालायचे. फवारणीचे कपडे असतील तर ते खोलीच्या बाहेरच ठेवा.